मदत हवी आहे: नागलीचे सत्त्व, मटकीचे मोड आणि साडेचार वर्षांची मदतनीस

नमस्कार. मी नाशिकला राहते. मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि मुलगा नुकताच आठ महिन्यांचा झाला आहे. मुलाच्या जन्माआधी मी नोकरी सोडली, तेव्हापासून पूर्णवेळ घरीच आहे. यजमान सकाळी ८ वाजता बाहेर पडतात ते संध्याकाळी ७ नंतरच परततात, आणि सासूबाई गावी असल्यामुळे दिवसभर घरात आम्ही तिघेच असतो. काही गोष्टींत मला जाणत्यांचा सल्ला हवा आहे. त्या एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे एकाच ठिकाणी सविस्तर लिहिते.

दिवाळीपर्यंत आमच्याकडे असे चालले होते की स्वयंपाकाच्या वेळी मुलीच्या हाती मोबाइल द्यायचा आणि बाळ झोपले की भराभर कणीक मळून, भाजी फोडणीला टाकून मोकळे व्हायचे. पुढे मोबाइल काढून घेतला की होणारी रडारड इतकी वाढली, की मी तो दुपारपर्यंत कपाटात ठेवू लागले आणि तिला ओट्याजवळ पाट टाकून कामाला बसवले. विकतची खेळणी आणण्यापेक्षा घरात रोज जे काम होते त्यातलेच तिच्या हाताला झेपेल ते तिला द्यावे, असे मला मनापासून वाटते. मटार सोलणे तिला सर्वांत आवडते. दाणे ती ताटलीत ओळीने मांडते, मोजते, आणि एखाद्या शेंगेत आठ दाणे निघाले की ती शेंग बाळाला नेऊन दाखवते. मेथी निवडताना सुरुवातीला पाने कचऱ्यात आणि देठ टोपलीत जात होते, पण पंधरा दिवसांत तिचा हात बसला.

कडधान्याला मोड आणणे हे काम मला तिच्यासाठी फार योग्य वाटले, कारण त्यात सकाळ-संध्याकाळ बघण्यासारखे काहीतरी असते. नोव्हेंबरमध्ये मटकीला दोनदा उत्तम मोड आले. थंडी वाढल्यापासून मात्र तीन वेळा फसले. रात्री भिजवून सकाळी घट्ट पुरचुंडी बांधते, ती स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ठेवते आणि फडके वाळू नये म्हणून वरून पाणी शिंपडते. दुसऱ्या दिवशी मोड तर नसतातच, उलट मटकी बुळबुळीत होऊन तिला आंबूस वास येतो. मुलगी रोज मोठ्या आशेने पुरचुंडी सोडते आणि हिरमुसते.

दुसरी अडचण बाळाच्या सत्त्वाची आहे. माझे माहेर कोल्हापूरकडचे, तिकडे आम्ही नाचणी म्हणतो. इथल्या बाजारात तीच नागली म्हणून मागावी लागते. पेठकडच्या एका शेतकरी बाईंकडून १ किलो नागली घेतली, धुऊन भिजवली, मोड आणले, एक दिवस गॅलरीत वाळवली, दहा मिनिटे भाजून मिक्सरवर दळली आणि डब्यात भरली. आठवड्याभरातच पिठाच्या गाठी होऊन कुबट वास येऊ लागला. अजून अर्धा किलो तरी पीठ उरले आहे. ते पुन्हा चांगले भाजून घेतले तर चालेल का? शिवाय पीठ चांगले होते तेव्हाही त्याची पेज घट्ट होत नव्हती. साध्या नागलीच्या पिठाचे २ चमचे वाटीभर पाण्यात शिजवले की आळून येतात, आणि या सत्त्वाची तेवढ्याच मापाची पेज पातळच राहते. मोड आणताना काही बिघडले असेल का?

शेवटची गोष्ट लिहितानाही माझे हात थरथरतात. गेल्या आठवड्यात मुलीला शेंगदाणे निवडायला दिले होते. मी कुकर उतरवायला वळले तेवढ्यात बाळ रांगत आले आणि वळून पाहते तो त्याच्या ओठांत एक अख्खा दाणा. तो ओठांतच होता म्हणून सहज काढता आला. त्या दिवसापासून निवडण्याची सगळी कामे बंद केली आहेत आणि मोबाइल पुन्हा बाहेर आला आहे, याचे मला फार वाईट वाटते. ज्यांनी रांगते बाळ आणि हाताशी येऊ पाहणारे मूल अशी दोघे एकटीने सांभाळली आहेत, त्यांनी स्वयंपाकघरात कोणती कामे कशी दिली, हे कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

तुमचे पत्र वाचून मला माझी पस्तीस वर्षांपूर्वीची दुपार आठवली. आधी सत्त्वाचे सांगते, कारण ते तातडीचे आहे. कुबट वास आलेले पीठ टाकून द्या. भाजल्याने बुरशी मरते, परंतु बुरशीने पिठात सोडलेली विषारी द्रव्ये भाजण्याने पूर्णपणे जात नाहीत. अर्ध्या किलोसाठी जीव हळहळेल, तरीही ते बाळाला देऊ नका आणि घरातही कोणी खाऊ नका.

नागलीचा दाणा बारीक असतो. तो वरून कोरडा वाटतो तेव्हाही आत ओल असते, आणि मोड आलेल्या दाण्यात ती अधिकच असते. एक दिवसाची गॅलरी हिवाळ्यात पुरत नाही. पुढच्या वेळी नागली रोळून घ्या म्हणजे खडे तळाशी राहतील, १२ तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला, मग निथळून फडक्यात बांधा, आणि पांढरा दोऱ्यासारखा मोड दिसला की थांबा. मोड लांबले की चव कडवट होते. मग सुती कापडावर पातळ पसरून दोन दिवस पंख्याखाली वाळवा आणि त्यानंतर उन्हात ठेवा. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. दबला तर अजून ओला आहे असे समजावे. मंद आचेवर भाजून पूर्ण निवल्यावरच दळा, वस्त्रगाळ करा आणि एका वेळी दहा-बारा दिवसांपुरतेच करा.

पेज पातळ राहते ते बिघडल्यामुळे नव्हे, मोड नीट आले होते म्हणून. मोड येताना दाण्यात अशी पाचक द्रव्ये तयार होतात की ती पिठातला स्टार्च तोडतात, त्यामुळे पेज आळत नाही. बाळाच्या दृष्टीने हे चांगलेच आहे. त्याचे पोट लहान असते, आणि साध्या पिठाची पेज चमच्यावरून उतरेल इतकी पातळ ठेवायची तर त्यात पीठ कमीच घालता येते. तुमच्या सत्त्वाचे २ ऐवजी ३ चमचे घाला. पेज गिळता येईल अशीच राहील आणि पोटात अन्न जास्त जाईल. वर्षाच्या आत मीठ-साखरेची गरज नाही आणि मध तर मुळीच देऊ नये.

मटकीला तुम्ही पाणी जास्त आणि हवा कमी देत आहात. भिजल्यावर ती चाळणीत तासभर पूर्ण निथळू द्या, फडके उकळून वाळवलेले घ्या, पुरचुंडी सैल बांधा आणि झाकणाच्या डब्याऐवजी चाळणीतच ठेवून वर ताट उपडे घाला. शेगडीजवळची उबदार जागा निवडा. थंडीत २४ ते ३० तास लागतात, तेवढा धीर धरा.

मुलीची कामे बंद करू नका, वेळ वाटून घ्या. दाणे, मटार, हरभरे, डाळी ही कामे फक्त बाळ झोपलेले असताना, टेबलावर आणि काठाच्या परातीत करावीत. काम संपल्यावर जमीन झाडून घेणे हेही तिचेच काम. बाळ जागे असताना कणीक तिंबणे, पालेभाजी धुणे, ताक घुसळणे, रुमालांच्या घड्या घालणे अशी कामे द्या. अख्खे शेंगदाणे पाच वर्षांच्या आतल्या मुलांना खायला देऊ नयेत, म्हणजे तुमच्या मुलीलाही नाहीत, कूट चालेल. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकून श्वास थांबला, तर त्याला मांडीवर डोके खाली करून पालथे धरावे, दोन खांद्यांच्या मध्ये ५ थापा द्याव्यात, मग उताणे करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ५ वेळा दाबावे आणि हे आलटून पालटून करत राहावे. कोणी जवळ असेल तर त्याला लगेच १०८ ला फोन करायला सांगावे. घशात न दिसणाऱ्या वस्तूसाठी बोट घालू नये, ती आणखी खाली जाते. हे डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्या.

मूळ लेखिकेचे उत्तर

काकू, आपले मनापासून आभार. पीठ त्याच दिवशी टाकून दिले, आणि लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांकडून थापा देण्याची रीत बाहुलीवर करून पाहिली. काल सकाळी मटकी आपण सांगितल्याप्रमाणे निथळून सैल बांधली. अठ्ठावीस तासांनी मुलीने फडके सोडले तेव्हा अर्ध्या पेराएवढे मोड आले होते. आज दुपारी बाळ झोपल्यावर आम्ही टेबलावर परात घेऊन बसलो आणि तिने त्यातले न भिजलेले गणंग एकेक करून वेचले, १४ निघाले. ते फेकायला ती तयार नाही, वाटीत जपून ठेवले आहेत आणि कुंडीत पेरायचे म्हणते. गणंग दाणे पेरले तर उगवतात का, आणि त्यासाठी आधी काही करावे लागते का?