विषय: राऊटर तळघरात, आई जिन्यात. नवा कुठला घ्यावा?

मेधा, एडिसन

मंडळी, नमस्कार.

आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीत सहा महिन्यांसाठी आलेत. केबल कंपनीचा डबा (मॉडेम आणि राऊटर एकातच) आमच्याकडे तळघरात, बॉयलरच्या शेजारी आहे, कारण वायर तिथूनच घरात शिरते. पाहुण्यांची खोली नेमकी वरच्या मजल्यावर दुसऱ्या टोकाला. त्यामुळे आई रोज सकाळी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून मावशीशी व्हिडिओ कॉल करते. "इथेच रेंज येते" म्हणते. काल बाबांना वर जायचं होतं, तर मावशीला म्हणाली, "थांब गं, यांना वाट देते."

डब्याचं भाडं महिना १५ डॉलर. दुकानात २५० डॉलरचा, आठ अँटेनांचा राऊटर पाहिला. अगदी कोळी दिसतो. घेऊन टाकू का? आम्ही दोघं घरून काम करतो, चिरंजीव गेम खेळतात, दाराला कॅमेऱ्याची घंटी आहे. इंटरनेटचा प्लॅन ५०० एमबीपीएसचा.

सुहास, प्लेन्सबोरो

मेधाताई, कोळी तळघरातच बसणार असेल तर आई जिन्यातच बसणार. लहरी सगळ्या दिशांना जातात, आणि तळघरातून निघालेल्या निम्म्या तर मातीतच जिरतात. वर बॉयलर आणि हवेचे पत्र्याचे डक्ट. पत्र्यातून काही पार होत नाही.

खरेदीआधी एक करा. लॅपटॉप वायरने थेट डब्याला जोडा आणि वेग मोजा. ४५०-५०० आला तर कंपनी निर्दोष, गुन्हेगार वायफाय. वायरवरही १०० च आला तर आधी कंपनीला फोन लावा, राऊटरचं नंतर बघू.

खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. 'एएक्स ५४००' म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन बँडच्या (लहरींच्या पट्ट्यांच्या) कमाल वेगांची, ५७४ आणि ४८०४ यांची, बेरीज करून वर गोल केलेला आकडा. तुमचा फोन एका वेळी दोहोंपैकी एकाच बँडवर असतो, आणि बहुतेक फोनना अँटेना दोनच. चार अँटेनांचा तो ४८०४ त्यांच्या वाट्याला येतच नाही. शिवाय प्लॅन ५०० चा.

वायफाय ७ या नव्या पिढीसाठीही घाई नको. त्याच्या उपकरणांना प्रमाणपत्रं देणं जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, उपकरणं चांगली आहेत. पण अमेरिकेत २०२० मध्ये खुला झालेला ६ गिगाहर्ट्झचा बँड भिंतींपुढे सगळ्यात आधी हात टेकतो. एकाच खोलीत मजा आहे, दोन मजले वर नाही. तुम्हाला वायफाय ६ पुरे.

मी स्वतः घेताना दोन गोष्टींवर अडून बसेन. पहिली, कंपनी किती वर्षं सुरक्षेचे अपडेट देणार आणि ते आपोआप बसतात का. स्वस्तात मिळणारं चार वर्षांपूर्वीचं मॉडेल इथेच महागात पडतं. दुसरी गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही. तुमच्या केबल प्लॅनला डाउनलोड ५०० असला तरी अपलोड जेमतेम २० असेल. चिरंजीवांनी मोठी फाइल चढवायला घेतली किंवा फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला, की मॉडेमच्या तोंडाशी रांग लागते आणि मीटिंगमधला तुमचा आवाज त्या फोटोंच्या मागे ताटकळतो. वेगाची चाचणी मात्र झकास येते! त्यावर 'एसक्यूएम' नावाचा उपाय आहे. राऊटर अपलोडला १८ वर लगाम घालतो, रांग स्वतःकडे घेतो आणि माहितीच्या छोट्या पाकिटांना (तुमच्या आवाजासारख्या) पुढे काढतो. नुसतं 'गेमिंग मोड' लिहिलेलं असलं तर तो हाच उपाय असेल असं नाही, तपासून घ्या. पूर्ण ५०० च्या डाउनलोडला लगाम घालायला दमदार प्रोसेसर लागतो. पण तुमचं दुखणं अपलोडचं, ते साध्या राऊटरलाही झेपतं.

पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क हल्ली बहुतेक राऊटरमध्ये असतं. ते चालू करून क्यूआर कोड फ्रिजवर चिकटवा. मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक तुमच्याकडे असते तेव्हा बाराजण पासवर्ड विचारतात, त्यातला एक मी.

वर्षा, हायलंड पार्क

सुहास, एवढं रामायण कशाला? सरळ मेश घ्यावं, म्हणजे एकच नेटवर्क घरभर पसरवणारे दोन-तीन डबे. आमचं घर जुनं, भिंतींच्या गिलाव्याखाली लोखंडी जाळी. एक राऊटर असताना शेजारच्या खोलीतही बोंब होती. तीन डबे ठेवले आणि प्रश्न मिटला.

सुहास, प्लेन्सबोरो

वर्षाताई, तुमचे तीन डबे मीच बसवले होते, आणि तिन्हींना मागून वायर आहे. म्हणून चालतात. बिनवायरीच्या मेशमध्ये मधला डबा ऐकतोही हवेतून आणि पुढे सांगतोही हवेतून. दोन्हीला एकच बँड असेल तर वेग जवळपास अर्धा. आणि तो डबा जिथे वायफाय येत नाही तिथे ठेवून उपयोग नाही, येतं आणि संपतं त्याच्या अलीकडे ठेवायचा. हे लोक नेमकं उलटं करतात.

मेधाताई, वरच्या खोलीत केबल टीव्हीची जुनी गोल वायर भिंतीतून डोकावते का? तर तुम्ही जिंकलात. 'मोका' अडॅप्टरची जोडी घ्या, एक तळघरात, एक वर. त्याच वायरवरून इंटरनेट वर जाईल, भिंत फोडायला नको. केबल घरात शिरते तिथे मोकाचा फिल्टर लावा. वाटेत वायरीला फाटे फोडणाऱ्या स्प्लिटरवर '५-१००० मेगाहर्ट्झ' लिहिलं असेल तर तोही बदला, मोका त्याच्या वरच्या फ्रीक्वेन्सीवर चालतं.

आधी खात्री करायची तर माझी १५ मीटरची निळी नेटवर्क केबल न्या. परत करा मात्र. मागच्या खेपेला ती मखराला बांधलेली सापडली.

ईमेल यादीचे व्यवस्थापन

उत्तर देताना खालची जुन्या ईमेलची शेपूट कापावी ही विनंती. गणपतीच्या जेवणाची नोंदणी वेगळ्या धाग्यावर आहे, राऊटरच्या धाग्यावर मोदकांची संख्या कळवू नये. दोघांनी कळवली आहे.

मेधा, एडिसन

सगळ्यांचे आभार. वायरवर ४८० आला, म्हणजे कंपनी खरंच निर्दोष. मग १२० डॉलरचा वायफाय ६ राऊटर घेतला. निळी केबल जिन्यावरून टाकून तो वरच्या पॅसेजमध्ये ठेवून पाहिला, आईच्या खोलीत सगळं झकास. म्हणून मोकाची जोडीही घेतली. कोळी दुकानातच राहिला. भाड्याच्या डब्यातलं वायफाय बंद करून त्याला ब्रिज मोडवर टाकलंय, म्हणजे तो आता नुसता मॉडेम, नाहीतर दोन राऊटर एकमेकांच्या वर बसतात असं चिरंजीवांनी सांगितलं. भाडं चालूच आहे. स्वतःचा मॉडेम घ्यायचाय, पण घरचा फोन त्याच डब्यातून येतो. फोनचं भोक असलेला आणि कंपनीच्या यादीतला मॉडेम कुणी वापरतं का?

एक तक्रार. नव्या नेटवर्कला हौसेने 'शनिवारवाडा' नाव दिलं. परिणामी टीव्ही, प्रिंटर, घंटी, सगळ्यांना नव्याने जोडावं लागलं. टीव्हीवर रिमोटने चौदा अक्षरी पासवर्ड टाकताना दोनदा चुकले. घंटी तर जोडलीच जाईना. शेवटी कळलं की तिला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. ५ गिगाहर्ट्झचा बँड तासभर बंद ठेवला तेव्हा बाईसाहेब आल्या.

सुहास, प्लेन्सबोरो

अरेरे, हे सांगायचं राहिलं. नव्या राऊटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायचा, बहुतेक उपकरणांना डबा बदलल्याचा पत्ताही लागत नाही. नाव आता राहू द्या, छान आहे.

निळी केबल?

मेधा, एडिसन

रविवारी आणते. आईने तिच्यावर टॉवेल वाळत घातलेत.