मदत हवी आहे: मांजराचं ऑपरेशन स्वस्तात कुठे होईल? (इंदूर, तातडीचं)

सुदामानगरची ताई:
मांजराचं ऑपरेशन करायचंय. घराजवळच्या खासगी दवाखान्यात साडेसहा हजार सांगितले. तीन महिन्यांपूर्वी तिथेच चार सांगितले होते. कारण विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणते, "रेट बढ़ गए." घरात पेन्शन एक, खाणारी तोंडं सात, त्यातली चार मांजरांची. बरं आणि स्वस्त ठिकाण माहीत असेल तर आजच सांगा. प्राणिप्रेमावर भाषण नको.

महूकर:
कसलं ऑपरेशन? पाय मोडलाय की नसबंदी?

सुदामानगरची ताई:
नसबंदीच हो. दुसरं कसलं असणार?

जुनी इंदूर:
मांजर म्हणजे मांजरी की बोका? आपल्याकडे "ते मांजर" म्हटलं की काहीच कळत नाही. बोक्याचं काम थोडक्यात होतं, पैसेही कमी. मांजरीचं पोट उघडावं लागतं. वय किती? गाभण आहे का?

सुदामानगरची ताई:
मांजरी. तिरंगी. दीड वर्षाची असेल. गाभण कशी असेल, आत्ताच तर व्याली.

जुनी इंदूर:
तिरंगी आहे हे आधी सांगितलं असतंत तर विचारलंच नसतं, तिरंगी बहुतेक मादीच असते. पण "आत्ताच" म्हणजे कधी?

सुदामानगरची ताई:
पाच आठवडे झाले. तीन पिल्लं, अजून पितात. त्याने काय फरक पडतो? एक काळा बोका रोज रात्री गच्चीवर येऊन गळा काढतो आणि ही खिडकीत बसून त्याला साथ देते. मला परत बाळंतपण काढायचं नाही.

औषधवाले काका:
ऑपरेशन कशाला? आमच्या मांजरीला आठवड्याला एक गोळी द्यायचो. चार वर्षं एक पिल्लू नाही.

महूकर:
आणि पाचव्या वर्षी?

औषधवाले काका:
वारली. पण वय झालं होतं.

महूकर:
पाच वर्षांच्या मांजरीचं कसलं वय होतं, काका! त्या हार्मोनच्या गोळ्यांनी गर्भाशयात पू होतो, आचळांत गाठी येतात. माझ्या बहिणीच्या मांजरीचं तेच झालं. शेवटी रात्री अकरा वाजता पोट उघडावं लागलं, तेही दुप्पट पैसे मोजून.

कोथरूडकर:
आमच्या पुण्यात संस्था करतात हे. चौकशी करा.

सुदामानगरची ताई:
शीर्षकात इंदूर लिहिलंय.

रामबागवाले:
निगमला, म्हणजे महापालिकेला, कळवा. आमच्या गल्लीतले कुत्रे नेले, नसबंदी आणि रेबीजची लस करून, कानाला खाच पाडून परत सोडले. २०२३ च्या नियमांप्रमाणे सहसा जिथून उचलले तिथेच सोडावे लागतात. सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीचे कुत्रे शेल्टरमध्ये ठेवा म्हटलं आणि २२ तारखेला आदेश बदलला! शहराला २०१७ पासून स्वच्छतेचे नंबर मिळतायत, पण रात्री स्कूटरमागे लागतात त्यांचं काय?

जुनी इंदूर:
रामबागवाले, धागा घरच्या मांजरीचा आहे.

महूकर:
ताई, महूच्या वेटनरी कॉलेजच्या दवाखान्यात विचारा. आमच्या मांजरीचं मी तिथेच केलं, खासगीपेक्षा बरंच कमी पडलं. आधी फोन करून ऑपरेशनचा वार विचारा, सकाळी लवकर पोचा, दिवस मोकळा ठेवा. आणि पिशवीत नेऊ नका. आमची वाटेत राऊला पिशवी फाडून निघाली आणि महू येईपर्यंत बसमध्ये फिरत होती. झाकणाची टोपली घ्या.

जुनी इंदूर:
शिकाऊ पोरांच्या हातात द्यायची?

महूकर:
बाजूला प्रोफेसर उभे असतात. तुमच्या खासगीत बाजूला कोण असतं?

व्हेट शिकतेय:
भांडू नका. ताई, पिल्लं पीत असताना घाई नको. सात-आठ आठवड्यांची होऊन स्वतः खाऊ लागली की वेगळी करा, दूध आटू द्या, मग ऑपरेशन. पण पाजतानाही मांजर माजावर येते आणि परत गाभण राहू शकते, म्हणून तोवर तिला बाहेर सोडायचं नाही. साडेसहा हजारांत काय काय धरलंय तेही विचारा: रक्ततपासणी, भूल गॅसची की इंजेक्शनची, नंतरचं ड्रेसिंग. कधीकधी चार हजार सांगणारा हे सगळं वेगळं लावतो. आदल्या रात्रीपासून उपाशी किती वेळ ठेवायची ते डॉक्टर सांगतील. आणि पिल्लं पाच-सहा महिन्यांची झाली की त्यांचंही उरका, नाहीतर वर्षभरात हाच धागा परत काढाल.

औषधवाले काका:
नंतर दुखलं तर अर्धी क्रोसिन द्या.

व्हेट शिकतेय:
अजिबात नको! क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल मांजरांना विष आहे, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो. ताई, काकांचं काहीही ऐकू नका.

सुदामानगरची ताई:
महूला फोन केला. तेही म्हणाले, पिल्लांचं दूध सुटू दे, मग या. गच्चीचं दार बंद केलंय, खिडकीला जाळी ठोकायला उद्या माणूस येतोय. बोका मात्र बाहेर बसून ओरडतोच आहे.

महूकर:
त्यालाही टोपलीत घाला की. एका फेरीत दोघांचं होईल.

सुदामानगरची ताई:
तो माझा नाही.

महूकर:
मग कोणाचा?

सुदामानगरची ताई:
वरच्या भाडेकरूंचा. जेवायला फक्त आमच्याकडे येतो.