पीच मुळात कुठला? आणि नेक्टरिन हे वेगळं फळ आहे का?

फळवेडा: पीचचं शास्त्रीय नाव 'प्रुनस पर्सिका', म्हणजे पर्शियाचा. पण बरेच जण तो चीनचा म्हणतात. नक्की काय? नेक्टरिन हा पीच आणि प्लमचा संकर आहे, हे खरं का? त्याची कोय लावली तर नेक्टरिनच येईल का?

बीजांकुर: चीनचाच. झेजियांग प्रांतातल्या उत्खननांत सुमारे ८००० वर्षांपूर्वीच्या कोयी सापडल्या आहेत. अलीकडच्या काळातल्या कोयी मोठ्या होत जातात. माणूस मोठी फळं निवडून लावत होता, याचा हा सरळ पुरावा. रोमनांना फळ मिळालं ते पर्शियामार्गे, म्हणून त्यांनी 'पर्शियन सफरचंद' म्हटलं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्याला बदामाच्या प्रजातीत (जीनसमध्ये) घालून 'अमिग्डालस पर्सिका' म्हटलं. १८०१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ बाट्शने ते प्लमच्या 'प्रुनस'मध्ये हलवलं, पण नामकरणाच्या नियमाने 'पर्सिका' राहिलं.

शब्दवेल्हाळ: लॅटिन 'पर्सिका'चं फ्रेंचमध्ये 'पेश' झालं आणि तिथून इंग्रजीत 'पीच'. रशियन 'पेर्सिक'मध्ये पर्शिया अजून स्पष्ट ऐकू येतो. आपला 'सप्ताळू' फारसी 'शफ्तालू'वरून आला. त्यातल्या 'सप्त'चा साताशी संबंध नाही. 'आलू' म्हणजे प्लम, आलुबुखारमधला तोच. ह्युएनत्संगाने मात्र भारतात हे फळ चिनी ओलिसांनी आणल्याचं आणि त्याला 'चीनानी' म्हणत असल्याचं नोंदवलंय. नावांवरून फळ कुठून कुठे गेलं ते कळतं, उगम कळत नाही.

कलमवाला: नेक्टरिन संकर नाही, तो बिनलवीचा पीच. लव येण्यासाठी लागणारं एक जनुक बिघडलं की साल गुळगुळीत होते. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे त्या जनुकाच्या दोन्ही प्रती (आईकडून एक, बापाकडून एक) बिघडलेल्या हव्यात. म्हणून लवीच्या झाडात एक बिघडलेली प्रत लपलेली असेल, तर स्वपरागणातून (त्याच झाडाच्या परागांनी फळ धरलं तर) सुमारे चौथा हिस्सा रोपं नेक्टरिनची निघतात.

नेक्टरिनच्या कोयीतून नेक्टरिनच येईल, पण फूल स्वपरागित झालं असेल किंवा पराग दुसऱ्या नेक्टरिनचे असतील तरच. पीच बहुधा स्वपरागित होतो. मधमाशीने शेजारच्या लवीच्या झाडाचे पराग आणले तर रोप लवीचं निघू शकतं. गोडी आणि आकार आईसारखाच येईल असंही नाही. हुबेहूब तेच फळ हवं असेल तर डोळा भरा, म्हणजे त्या झाडाचा डोळा दुसऱ्या रोपावर बसवून कलम करा.

कोय लावायची पद्धत: धुऊन दोन दिवस सावलीत वाळवा. शिवणीवर (कोयीच्या दोन भागांच्या सांध्यावर) शिकंजात हळूहळू दाबून फोडा. हातोड्याने आतलं बी चिरडतं. बी रात्रभर भिजवून ओलसर वाळूत, पिशवीत, फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास ८ ते १२ आठवडे ठेवा. फ्रीझरमध्ये नको. मुठीत दाबल्यावर वाळूतून पाणी गळत असेल तर ती जास्त ओली, बुरशी येणारच. मूळ दिसलं की कुंडीत २ ते ३ सेंमी खोल लावा.

बीजांकुर: एक भर. हंगामात सर्वांत आधी पिकणाऱ्या वाणांची कोय घेऊ नका. फळ पिकतं तेव्हा आतला गर्भ पूर्ण वाढलेला नसतो, आणि थंडी देऊनही बी रुजत नाही. उशिरा पिकणाऱ्या वाणाचीच घ्या. आणि बी चाखू नका, त्यात अमिग्डालिन असतं, पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं.