जुने कपडे धडगावकडे द्यायचेत, कसं करावं?

मैत्रेयी_पुणे:
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आवराआवरीत निघालेले कपडे सोसायटीत गोळा केले तर क्लबहाऊसची एक अख्खी खोली भरली. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर द्यायचा विचार आहे, टेम्पोचे पैसे जमलेत, डिसेंबरात जाऊ म्हणतोय. पण तिकडे ओळखीचं कुणी नाही, गरजू घरापर्यंत पोचेल ना हीच काळजी. कुणी केलंय का असं?

सातपुडा_मास्तर:
ताई, मी तिकडच्याच शाळेवर आहे. डिसेंबरात आलात तर कितीतरी घरांना कुलूप दिसेल, दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात ती होळीच्या सुमाराला परततात, मागे राहतात म्हातारी माणसं आणि पोरं. म्हणून आत्ता फक्त थंडीचं आणा, स्वेटर, कानटोप्या, शाली, जाड चादरी. बाकीचं होळीच्या सुमाराला, माणसं परतली की. आणि प्लीज टेम्पो चौकात उभा करून वाटू नका. मागे एक गाडी आली होती, वरून गठ्ठे फेकत होते, धडधाकट पोरांनी चार-चार नेले आणि एक आजी काठी धरून कडेलाच राहिली. दुसऱ्या दिवशी निम्मे कपडे नाल्यात. आशाताई, अंगणवाडीताईंना घरटी माणसं तोंडपाठ असतात, आधी त्यांच्याशी बोला.

गोधडी_नाशिक:
मास्तरांशी सहमत. खरं काम पुण्यातच आहे, निवडण्याचं. धुतलेलं, बटणं-चेन धड असलेलं तेवढंच ठेवा. शेरवान्या, चाळीस कंबरेच्या जीन्स, पार्टीचे गाऊन काढून टाका, रानात कामाला जाताना कोण घालणार ते? सुती साड्या मात्र विटल्या असल्या तरी द्या, बाळाची झोळी होते, गोधडी होते, पाळीसाठी मऊ कापड निघतं. वापरलेले आतले कपडे अजिबात नको, त्यासाठी वर्गणी काढून नवीन घ्या. गठ्ठ्यावर "मुलगी, ६ ते ८ वर्षं" असं लिहिलंत तर वाटणाऱ्याचा जीव वाचतो.

वऱ्हाडी_मन:
मला फुकट वाटणंच पटत नाही राव. गूंज संस्था बघा, अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केली, २०१५ ला त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथं गावच ठरवतं काय काम करायचं, विहीर उपसायची, रस्ता करायचा, आणि काम झालं की कपड्यांचा संच मिळतो. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. इतका माल असेल तर सरळ त्यांना द्या.

सातपुडा_मास्तर:
दादा, पद्धत चांगलीच आहे, पण माणसं ऊसतोडीला गेली असताना मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडून कसलं काम घेणार? थंडी थांबत नाही हो. होळीनंतर गाव भरलेलं असतं तेव्हा तसं जरूर करू.

मैत्रेयी_पुणे:
खूप आभार सगळ्यांचे, हे काहीच डोक्यात नव्हतं. मग असं करतो, आत्ता फक्त गरम कपडे, टेम्पोऐवजी पार्सलने, आणि रविवारी सगळे बसून निवडतो. पार्टीवेअर वगैरे दुसरीकडे देऊ. मास्तर, पोरांची मापं मिळतील का?

सातपुडा_मास्तर:
देतो की. इयत्तेप्रमाणे यादी करून मेसेज करतो. लहान मापाचे स्वेटर जास्त बघा, तेच नेहमी कमी पडतात. पार्सल शहाद्यापर्यंत पाठवा, पुढे आणायची सोय आमच्याकडे.