स्विफ्ट डिझेलचा टर्बो बदलायचाय, तोच घालू की मोठा? (सोलापूर)

होटगी_रोड

नमस्कार मंडळी. माझी २०१३ ची स्विफ्ट डिझेल आहे, १२४८ सीसी, ७५ पीएसवाली. १ लाख ८६ हजार किलोमीटर झालेत. महिनाभरापासून पिकअप पार गेलाय. तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरला ओढतच नाही, एसी बंद करून दुसरा टाकावा लागतो. सकाळी स्टार्ट केली की निळसर धूर येतो, आणि टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) भरायला लागला की रुग्णवाहिका लांबून यावी तसा आवाज. गॅरेजमध्ये सांगितलं, टर्बो गेला.

आता पैसे घालायचेच आहेत तर थोडा मोठा टर्बो बसवून घ्यावा असं मनात आहे. एक जण म्हणतो हायब्रीड घाल, म्हणजे हाऊसिंग तेच आणि आतली चाकं मोठी. दुसरा म्हणतो ९० पीएसवाल्या इंजिनचा व्हीजीटी, म्हणजे हलत्या पात्यांचा टर्बो, उचल. माझा वापर असा: आठवड्यातून एकदा पुणे, डिकीत आणि मागच्या सीटवर चादरींचे गठ्ठे, बाकी दिवस गावातच. बजेट चाळीस हजार. कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.

डिझेल_मेस्त्री

मालक, मोठा-लहान नंतर बघू. आधी टर्बो खरंच गेलाय का ते डोळ्यांनी बघा, पाच मिनिटांचं काम आहे. इंजिन थंड असताना एअर फिल्टरकडून टर्बोला येणारा रबरी पाईप काढा. आत कॉम्प्रेसरचं चाक दिसेल, मध्ये बारीक नट. तो दोन बोटांत धरा. बाजूला किंचित हललं तर घाबरायचं नाही. बुश ऑइलच्या थरावर तरंगत असतो, बंद इंजिनला तेवढी ढिलाई राहतेच. पण आत-बाहेर हललं, किंवा पात्यांची टोकं घासून चकचकीत झाली असतील, तर गेला समजा. मग इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणारे पाईप बघा. आत तेलकट ओल थोडी असते, पण ऑइल साचलेलं नको. एवढं करून फोटो टाका.

आणि एक विचारतो, राग मानू नका. ऑइल किती किलोमीटरला बदलता?

होटगी_रोड

दादा, आत्ताच पाहिलं. आत-बाहेर स्पष्ट हलतंय आणि तीन पाती टोकाला घासलीत. पाईप उलटा केला तर चमचाभर ऑइल खाली पडलं. ऑइल पंधरा हजाराला बदलायचो, कधी अठराही व्हायचे.

विजापूर_वेस

मी यांत्रिकी शिकवतो, म्हणून आकड्यांत सांगतो. टर्बो निवडताना जास्तीत जास्त पॉवर किती मिळेल हे नंतर बघायचं. आधी बघायचं, आपलं इंजिन दिवसभर कुठल्या आरपीएमला चालतं आणि तिथे त्याला हवा किती लागते.

१.२४८ लिटरचं चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं. म्हणजे ४००० आरपीएमला मिनिटाला सुमारे २५०० लिटर, भरण्याची कार्यक्षमता धरली तर २२०० लिटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर, इथे हवेचा दाब ०.९६ बारच्या आसपास. त्यावर १.२ बार बूस्ट, म्हणजे टर्बोचा वाढीव दाब, दिला आणि इंटरकूलरनंतर हवा ७० अंशांवर आणली, तर मिनिटाला ४.८ किलो हवा जाते. डिझेलला एक किलो इंधनामागे वीस किलो हवा धरा. हिशेब ८५ पीएसपाशी येतो. एवढ्या हवेला मोठा टर्बो लागतच नाही.

आता मे महिना घ्या. बाहेर ४३ अंश. टर्बोने दाब दुप्पट केला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा १४० अंशांच्या पुढे जाते. १५ अंशांच्या हवेत हाच आकडा १०५ येतो. परदेशातल्या थंड हवेत काढलेले पॉवरचे आकडे वाचून आपल्याकडे टर्बो घेतला की फसगत इथे होते. शिवाय उष्णता आणि उंची मिळून आपली हवा प्रमाण हवेपेक्षा १३-१४ टक्के विरळ. तेवढीच हवा भरायची तर टर्बोला जास्त फिरावं लागतं. एवढे लहान टर्बो मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेऱ्या घेतात, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांच्याकडे राखीव फार उरत नाही. म्हणून तुमच्याकडे पैसे उरले तर ते इंटरकूलर आतून-बाहेरून साफ करण्यात आणि पाईपांच्या क्लिपा नव्या घेण्यात घाला.

व्हीजीटीबद्दल. ७५ पीएसवाल्याला १९० न्यूटन मीटर २००० आरपीएमला मिळतात. ९० पीएसवाल्याला २०० न्यूटन मीटर १७५० लाच मिळतात. कारण त्याच्या टर्बाइनभोवतीची पाती हलतात. एक्झॉस्ट कमी असताना ती मिटतात, वाट अरुंद होते, वायू जोरात चाकावर आदळतो. त्यामुळे तो ताकदीला मोठा असूनही लवकर भरतो. टर्बो म्हणून तो उत्तमच, मला स्वतःला फार आवडतो. पण तुमच्या टर्बोला साधा वेस्टगेट आहे, दाब वाढला की झडप उघडते, बस्स. व्हीजीटीची पाती ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हलवतो. तुमच्या ईसीयूत तो नकाशाच नाही. त्यासाठी सोलेनॉइड, व्हॅक्यूमचे पाईप, वायरिंग आणि मॅपिंग सगळं जुळवावं लागेल. चाळीस हजारांत ते नीट होणार नाही, आणि अर्धवट झालं तर पाती मिटलेलीच राहून बूस्ट हाताबाहेर जाईल.

बाळे_ते_मोहोळ

हायब्रीडचा अनुभव माझा आहे. हेच इंजिन, दुसऱ्या कंपनीच्या गाडीत. तीन वर्षांपूर्वी मोठी चाकं घालून घेतली, सोबत रिमॅप, म्हणजे ईसीयूतली सेटिंग बदलून घेतली. हायवेला ३००० च्या पुढे गाडी उडायची, खोटं कशाला बोलू. पण टर्बो भरायचा २४०० नंतर. सात रस्त्याला सिग्नल सुटला की रिक्षा पुढे जायची. पाचव्या गिअरला शंभरच्या वेगात काटा जेमतेम सव्वादोन हजारावर असतो, म्हणजे टेंभुर्णीच्या पुढे प्रत्येक ओव्हरटेकला चौथा टाकायचा. ज्याच्यासाठी खर्च केला तेच गेलं. वर आठ महिन्यांत चढावर क्लच सरकायला लागला, तो खर्च वेगळाच. शेवटी कंपनीच्या मापाचा टर्बो परत बसवला. गठ्ठे घेऊन जाणाऱ्या माणसाने या वाटेला जाऊ नये, भावा.

सिद्धेश्वर_पेठ

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतो. त्याच मापाचा टर्बो घातला तर हा प्रश्नच येत नाही.

डिझेल_मेस्त्री

वरच्या सगळ्यांशी सहमत. त्याच मापाचा नवा टर्बो घाला. जुन्याला नुसती कार्ट्रिज, म्हणजे चाकं-दांड्याचा आतला गाभा, बदलायची असेल तर बॅलन्सिंग करून देणाराच शोधा, बॅलन्सचा कागद मागून घ्या. पण मालक, नवा टर्बो घालण्याआधी जुना का मेला ते शोधा. नाहीतर नवाही तीन महिन्यांत जाईल. अठरा हजाराला ऑइल म्हणजे या इंजिनला उपासमार. ऑइल मावतंच तीन लिटरच्या आसपास, आणि टायमिंग चेनही त्याच ऑइलवर जगते.

टर्बोला ऑइल पोचवणारा फीड पाईप साफ करून परत लावू नका, नवाच घ्या. इंजिनखालचा ऑइलचा चेंबर उतरवून आतली जाळी धुवा. परतीचा पाईप मोकळा आहे का बघा. इंटरकूलरमधलं ऑइल पूर्ण काढा, नाहीतर इंजिन तेच डिझेलसारखं पिऊन पळत सुटेल आणि चावी काढूनही बंद होणार नाही. नवा टर्बो बसवताना त्याच्या ऑइलच्या भोकात स्वच्छ ऑइल घाला, चाक हाताने फिरवा. मग इंजेक्टरचा कनेक्टर काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारा. पहिल्यांदा सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटं आयडलवरच ठेवा, रेस नको.

होटगी_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. त्याच मापाचा नवा टर्बो, फीड पाईप, ऑइल, फिल्टर, गॅस्केट आणि मजुरी धरून बजेटमध्ये बसलं. इंटरकूलर उतरवून धुतला, त्यातून जवळजवळ कपभर काळं ऑइल निघालं. चेंबरची जाळी अर्धी बुजली होती.

जुना फीड पाईप मी मुद्दाम मागून घेतला आणि घरी कापला. टर्बोकडच्या टोकाला डांबरासारखा कडक थर बसलाय, मधून उदबत्तीची काडी जाईल एवढीच वाट राहिली होती. फोटो खाली टाकलाय.

काल चौघे जण बसून तुळजापूरला गेलो. घाट तिसऱ्यातच चढली, एसी सुरू होता. मेस्त्री दादा, आता ऑइल किती किलोमीटरला?

डिझेल_मेस्त्री

पहिलं हजारातच काढा, आतली घाण त्याबरोबर निघेल. त्यानंतर साडेसात हजार, आपल्या उन्हाळ्यात आणि तुमच्या गठ्ठ्यांच्या ओझ्याला त्याहून जास्त नको. आणि पुण्याहून ताणून आलात की दारात लगेच चावी फिरवू नका. मिनिटभर चालू राहू द्या.