जुलैत परदेशी मित्र येऊन गावात घर बांधू शकतील का? (खानापूर तालुका)

प्रश्न

मी जांबोटीकडची, सहा वर्षं डब्लिनला नोकरीला आहे. २०१९ च्या ऑगस्टात मलप्रभेला पूर आला, आठवडाभर पाऊस उघडला नाही, तेव्हा आमच्या आत्तीच्या (आत्याच्या) घराची मातीची भिंत बसली. घर मेलेल्या मामांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या नावावर, म्हणून पडझडीच्या यादीत आत्तीचं नावच आलं नाही. तेव्हापासून ती गोठ्याच्या अर्ध्या भागात पत्र्याखाली राहते.

माझ्या ऑफिसातले एक वयस्कर गृहस्थ २००६ साली हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या गरजूंसाठी घरं बांधणाऱ्या संस्थेच्या कामाला लोणावळ्याजवळ मळवलीला आले होते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पुढाकाराने तिथं शंभर घरांचं काम झालं होतं. ते ऐकून आम्ही आठजण जुलैच्या सुट्टीत गावी यायचं म्हणतोय. स्वतःचा खर्च करू, वर पैसेही जमवू. पंधरा दिवसांत दोन खोल्या होतील का? आमच्यातल्या कुणी कधी थापी धरलेली नाही. खरं ते सांगा.

उत्तर १

पोरी, मी गवंडी आहे. बत्तीस वर्षं खानापूर-जांबोटी पट्ट्यात चिऱ्याची घरं बांधतोय. जुलै मनातून काढून टाक. जुलैत आपल्याकडं चिऱ्याची गाडी वाटेतच रुतते, गिलावा वाळत नाही, आणि अख्खं गाव रोपलावणीला शेतात असतं. तुझ्या माणसांना चहा करून द्यायलाही घरात कोण नसणार. मळवलीचं काम कधी झालं ते त्या गृहस्थांना विचार. ऑक्टोबरच्या शेवटाला, दिवाळी झाल्यावर. आपलं कामही तेव्हापासूनच, आणि मिरग लागायच्या आत कौलं चढलीच पाहिजेत.

पंधरा दिवसांत दोन खोल्या होत नाहीत. पाया खोदून जोत्यापर्यंत यायलाच तेवढे दिवस जातात. लिंटेल (दारं-खिडक्यांवरची काँक्रीटची पट्टी) घातल्यावर निदान सात दिवस पाणी मारत राहायचं, तिथं घाई केली की तडा जातो. तो पहिल्या पावसात दिसतो, तेव्हा तुम्ही विमानानं परत गेलेले असता.

मी एकदा बाहेरच्या अशा एका गटाबरोबर काम केलंय. मनानं फार चांगली पोरं. पण त्यांना कोपरा धरायला दिला, ओळंबा सुटला, आणि रात्री ते गेल्यावर मी आणि माझा पोरगा ती भिंत उतरवून परत रचली. त्यांना सांगायचा धीर झाला नाही. आजही ते मनाला लागतं, कारण मी सकाळीच स्पष्ट बोललो असतो तर त्यांनाही शिकायला मिळालं असतं.

तेव्हा असं कर. पाया, जोतं, भिंती गावच्या मिस्त्रीला पूर्ण हजेरी, म्हणजे रोजची मजुरी देऊन आधी उभ्या करून घे. आपली पोरं काम शोधत गोव्याला जाऊल्यात, त्यांची हजेरी तुमच्या फुकट हातांनी बुडता कामा नये. तुम्ही या ते कौलं चढवायच्या वेळी. खालून वर साखळी करून कौलं पोचवायला वीस-पंचवीस हात लागतात, तिथं आठ माणसं म्हणजे मोठा आधार. वर आढ्यावर मात्र जाणताच बसणार. शिवाय जोत्यात मुरूम भरणं, चोपणं, भिंतींवर पाणी मारणं. चिरे उचलताना कंबर सांभाळा, एकेक चिरा नवख्याला दमवतो.

उत्तर २

मिस्त्रींचं बरोबर आहे. मी कागदांचं सांगतो. पर्यटनाच्या ई-व्हिसावर एक महिन्यापर्यंत विनामोबदला स्वयंसेवा चालते, पण अर्जात तोच हेतू लिहा. घरी परदेशी माणूस उतरला की २४ तासांत परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म (आधी फॉर्म-सी म्हणायचे तो) भरायचा असतो, तो ज्याच्या घरी राहतील त्याने.

पैशाचं जपून. तुम्ही भारतीय नागरिक असाल तर स्वतःच्या पगारातले पैसे आत्तीला पाठवायला अडचण नाही. मित्रांकडून जमवलेली वर्गणी मात्र एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेमार्फतच यावी.

आणि सगळ्यात आधी ग्रामपंचायतीत जाऊन जागा आत्तींच्या नावावर करून घ्या. ई-स्वत्तूचा, म्हणजे कर्नाटकातल्या पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा उतारा हातात आल्याशिवाय पाया खणू नका. अर्ज कन्नडात असतो, गावातल्या शाळेत शिकलेलं एखादं पोर सोबत न्या. नाव लागलं की पंतप्रधान आवासच्या यादीसाठीही सांगून ठेवा. त्यात सपाटीच्या भागाला १ लाख २० हजार मिळतात, तेही हप्त्यांनी. त्या दोन हप्त्यांच्या मधे काम थांबतं आणि उघड्या भिंती पावसात भिजतात. तुमचे पैसे तिथं सगळ्यात जास्त उपयोगी पडतील.

उत्तर ३

ताई, आमच्या सासरी असं घर झालंय. माणसं चांगली होती, पण सासूबाईंना कुणी काही विचारलंच नाही. चूल कुठं, देव्हारा कुठं, सगळं आधीच कागदावर ठरलेलं. आज त्या घरात झोपतात आणि स्वयंपाक मागं झाप घालून करतात. आत्तींना आधी विचारा.

प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आत्तीशी तासभर बोलले. जुलै रद्द. मी एकटीच गणपतीत येऊन पंचायतीचं काम बघते, भिंती दिवाळीनंतर मिस्त्रींच्या हातून, आणि मित्र फेब्रुवारीत कौलांना. आत्तीला दोन खोल्या नकोतच. तिला एकच मोठी खोली आणि मागे रुंद पडवी हवी, चूल पडवीत, आणि चुलीपाशी बसल्यावर गोठा दिसला पाहिजे. गाय व्यायला झालीय, म्हणाली.

मिस्त्रीकाका, मागची पडवी किती रुंद धरू?