कॉलेज संपल्यावरचं पहिलं वर्ष

छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजातून (जिथे एकाच व्यवसायाचं शिक्षण न देता कला-विज्ञानाचे अनेक विषय शिकवतात) बाहेर पडल्यावर इतकं एकटं का वाटतं, असं एकाने विचारलंय. मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ग्रिनेल कॉलेजला होते. गाव जेमतेम ९ हजार वस्तीचं, भोवती मक्याची शेतं. तिथे सगळ्यांना सक्तीचा कोर्स एकच, पहिल्या सत्रातलं ट्यूटोरियल, म्हणजे लेखन आणि चर्चेचा छोटा वर्ग. बाकीचे विषय सल्लागार प्राध्यापकांशी बोलून आपणच ठरवायचे. मी इतिहास घेतला. वर्ग लहान आणि जेवायचा हॉल एकच, त्यामुळे वर्गातला वाद ताटावरही चालायचा. शिकागोत नोकरीला लागले तेव्हा लक्षात आलं, रात्री ११ला दार वाजवून ‘हे वाच ना’ म्हणणारं आता कुणी नाही. ती पोकळी खरी आहे, तिला कमकुवतपणा समजू नका.

भारतातून गेलेल्यांना व्हिसाचा घोर वेगळाच. ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच आपल्या विषयातलं काम करायच्या परवानगीचे, १२ महिने, त्यात नोकरीविना ९० दिवसच चालतात. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ इतिहासाला नाही. त्यामुळे शेवटच्या सत्रातच ओपीटीचा अर्ज करा, पदवीच्या ९० दिवस आधीपासून करता येतो.

आम्ही कॉलेजातल्या चौघीजणी अजून दर रविवारी फोनवर एकच लेख वाचून भांडतो. मला त्यानेच तगवलं.